नेम चांगला, तरी रँक का वाढत नाही?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेला कॅडेट बीजीएमआय खेळतो, हे पालकांनाही माहीत आहे आणि प्रशिक्षकांनाही. सुट्टीवरून परत आल्यावर तक्रारही ठरलेली असते : सेन्सिटिव्हिटी बदलून पाहिली, जायरोस्कोप चालू केला, चार बोटांचा क्लॉ शिकलो, तरी प्लॅटिनमच्या वर काही सरकत नाही. या तक्रारीतली प्रत्येक गोष्ट नेमाशी निगडित आहे. अडचण बहुधा तिथे नसतेच.

आधी गुणांचा हिशेब पाहू. बीजीएमआयच्या अधिकृत स्पर्धांत 16 संघ उतरतात. पहिल्या क्रमांकाला 10, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 5, मग 4, 3, 2 आणि सातव्या-आठव्याला प्रत्येकी 1 गुण मिळतो. प्रत्येक किलचा 1 गुण वेगळा. म्हणजे आठ जणांना टिपून नवव्या क्रमांकावर बाद झालेल्या संघाला 8 गुण मिळतात आणि अवघे तीन किल करून शेवटपर्यंत टिकलेल्या संघाला 13. घरी खेळायच्या रँक मॅचचा हिशेब वेगळा असला, तरी टिकून राहण्याला तिथेही मोठे वजन आहे. विमानातून उतरल्या उतरल्या गर्दीच्या ठिकाणी झुंज घेणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते.

आता नेमाची मर्यादा. डोळ्यांना काही दिसले आणि बोट हलले, यामध्ये माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सरावाने तो थोडा घटतो, फार नाही. पण शत्रू कोणत्या दारातून येणार हे आधीच ओळखून ज्याने क्रॉसहेअर त्या दाराच्या कडेला, डोक्याच्या उंचीवर धरून ठेवले आहे, त्याला फक्त बोट दाबायचे असते. बघणाऱ्याला वाटते, काय नेम आहे! खरे काम गोळी सुटण्याच्या दहा सेकंद आधी झालेले असते.

ही ओळख येते कुठून? 1973 साली चेस आणि सायमन या दोन अमेरिकन संशोधकांनी बुद्धिबळपटूंवर प्रयोग केला. खऱ्या डावातला पट काही सेकंद दाखवला, तर निष्णात खेळाडू तो नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडून दाखवत. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या, की त्यांचे हे वर्चस्व जवळजवळ संपून जाई. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती जादूची नव्हती. ओळखीच्या रचना त्यांच्या डोक्यात साठलेल्या होत्या. खेळाची जाण म्हणतात ती हीच.

एरँगल नकाशावर अशा रचना ठायीठायी आहेत. दक्षिणेच्या बेटावर मिलिटरी बेस आहे. तिथे शस्त्रे भरपूर, म्हणून गर्दीही भरपूर. सर्कल उत्तरेला पडले की बेटावरच्यांना बाहेर यावेच लागते आणि गाडीने यायचे तर पूल दोनच. हुशार संघ बेसवर उतरतच नाही, तो पुलाच्या तोंडाशी आडोसा धरून बसतो. मुलांना हा रडीचा डाव वाटतो. मग 1661 चे उंबरखिंड आठवावे. कारतलबखानाची मोगल फौज सह्याद्री उतरून कोकणात निघाली, तेव्हा शिवाजी महाराजांनी तिला मोकळ्या मैदानात गाठले नाही. अरुंद, झाडीने भरलेल्या खिंडीत पुरती शिरू दिले आणि मग वाट अडवली. खानाला शरण यावे लागले. लढाई कुठे होणार हे महाराजांनी ठरवले होते. खानाला ते उशिरा कळले.

सर्कलचे गणितही असेच आहे. नवे पांढरे वर्तुळ दिसताच नकाशा उघडायचा आणि विचारायचे : आपल्या अलीकडे कोण, पलीकडे कोण, मधे उघडे रान किती? लवकर निघालेल्याला घर मिळते, टेकडी मिळते. लूट करत रेंगाळलेला निळ्या झोनच्या पुढे धावत सुटतो आणि आधीच बसलेल्यांच्या समोरून जातो. त्या वेळी नेम कितीही चांगला असो, धावणाऱ्याला तो उपयोगाचा नसतो.

एनसीसीच्या फील्डक्राफ्टमध्ये ‘वस्तू का दिसतात’ हा पाठ आपण सगळ्यांनी घोकला आहे : आकार, सावली, चमक, आकाशरेषेवरची कड, सारखे अंतर, हालचाल. परीक्षेत लिहायचा आणि विसरायचा, असे त्याचे होते. टेकडीच्या माथ्यावर उभा राहणारा खेळाडू आकाशरेषेवर उमटतो. चार जण सारख्या अंतराने एका रांगेत पळाले की लांबूनही संघ ओळखू येतो. आवाजाचेही तसेच. पावले ऐकू येतात, गाडी ऐकू येते, आणि आपण झाडलेली एक गोळी आपली जागा सगळ्यांना सांगते. म्हणून दोन संघ भांडत असताना तिसऱ्याने घाई करायची नसते. ‘मारता येतोय’ आणि ‘मारायला हवा’ यांतला फरक ज्याला कळला, तो डायमंडच्या पुढे जातो, असे माझे निरीक्षण आहे.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती विचारली जातेच. मोबाइलवर खेळून पॉइंट टू टूची रायफल सुधारत नाही. श्वास, पकड, ट्रिगर हे रेंजवरच शिकायचे. पालकांसाठीही थोडे : 18 वर्षांखालच्या खेळाडूंना बीजीएमआयमध्ये दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, आणि 2025 च्या कायद्याने ई-स्पोर्ट्सना मान्यता देताना पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आहे. मुलगा ‘स्पर्धा’ म्हणाला, तर त्यात पैसे लावायचे आहेत का, एवढे जरूर विचारा.

तीन तासही खरे तर जास्तच आहेत. नेमासाठी रोज ट्रेनिंग ग्राउंडवर घासावे लागते. जाणीव वाढवायला दोन मॅच आणि एक वही पुरते. बाद झाल्यावर लगेच पुढची मॅच सुरू करू नका. डेथ रिप्ले पाहा. तुम्हाला मारणारा तिथे केव्हापासून होता? त्याला तुम्ही कशामुळे दिसलात किंवा ऐकू आलात? तुम्ही तिथे का गेलात? तिन्हीची उत्तरे एकेका ओळीत लिहा. दहा मॅचनंतर ती पाने वाचलीत, तर एकच कारण पाच-सहा वेळा आलेले दिसेल. पुढच्या आठवड्यात फक्त तेवढे बदला. सेन्सिटिव्हिटीला हात लावू नका.