कोबेची दीपमाळ

देवळाच्या प्रांगणातील दगडी दीपमाळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री तिच्यावर पणत्या तेवू लागल्या म्हणजे एरवी काळा दिसणारा तो दगडी खांब जणू सजीव होतो. काळोखात दिवा लावावा ही बुद्धी कोणा एका देशाची मिरास नव्हे. जपानातील अनेक शहरे हिवाळ्यात अशीच उजळतात. उत्तरेकडील साप्पोरो शहरी १९८१ साली अवघ्या १,०४८ दिव्यांनी अशा रोषणाईचा आरंभ झाला. सेंदाई शहरी १९८६ पासून रस्त्याच्या दुतर्फा असलेले उंच वृक्ष डिसेंबरात दिव्यांनी मढविले जातात. परंतु आज आम्ही वाचकांस ज्या नगरीत नेऊ इच्छितो, तेथील दीपोत्सवाचे मूळ हौसेत नाही, दुःखात आहे. ती नगरी म्हणजे कोबे.

कोबे हे ओसाका शहराच्या पश्चिमेस वसलेले बंदर आहे. पाठीशी रोक्को डोंगरांची रांग, पुढे समुद्र आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर. १८६८ साली हे बंदर परदेशी व्यापारास खुले झाले, तेव्हापासून येथे नाना देशांचे लोक आले. १९२३ च्या भूकंपात योकोहामा शहर उद्ध्वस्त झाले, त्यानंतर तेथील अनेक हिंदी व्यापारीही कोबेस येऊन राहिले. त्यांच्या वंशजांची घरे, त्यांची भोजनालये, इतकेच नव्हे तर १९८५ साली बांधलेले एक जैन मंदिरही कोबेत आहे.

दीपोत्सवास हिवाळाच का निवडतात, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याच्या मनात येईल. याची कारणे साधी आहेत. डिसेंबरच्या मध्यास कोबेत सायंकाळी पाच वाजण्यापूर्वीच सूर्यास्त होतो. त्यामुळे लहान मुलांसही जागरण न करता दिवे पाहता येतात. झाडांची पाने गळून गेलेली असतात, म्हणून फांद्यांवर लावलेला एकही दिवा झाकला जात नाही. तिसरे कारण हवेचे. हिवाळ्यात सैबेरियाकडून वाहणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरील बाष्प घेऊन येतात व डोंगरांना अडून पश्चिम किनाऱ्यावर विपुल बर्फ टाकतात. डोंगर ओलांडून येताना ते कोरडे झालेले असतात. सह्याद्रीमुळे कोकणात पावसाच्या धारा आणि देशावर कोरडे आभाळ, हा चमत्कार आपल्या परिचयाचा आहेच. तोच न्याय येथे बर्फास लागू पडतो. म्हणून कोबेचे हिवाळी आकाश बहुधा निरभ्र असते.

आता मूळ कथेकडे वळू. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे व आसपासचा प्रदेश भयंकर भूकंपाने हादरला. शहर झोपेत होते. घरे कोसळली, उंच खांबांवरील हमरस्ता आडवा झाला, नागाता विभागात आगींनी वस्त्याच्या वस्त्या गिळल्या. एकंदर ६,४३४ माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे २६ लक्ष घरांची वीज एका क्षणात गेली. ती आठवड्याभरात परत आली. परंतु जमिनीखालच्या नळ्या फुटल्याने सुमारे साडेआठ लक्ष घरांचा स्वयंपाकाचा वायू बंद पडला, तो पूर्ववत् होण्यास एप्रिल उजाडला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, शहर अद्याप ढिगाऱ्यांतून डोके वर काढीत असताना, कोबेत पहिला ‘लुमिनारिए’ झाला. हा शब्द इटालियन आहे. इटलीच्या दक्षिण भागात संतांच्या उत्सवप्रसंगी लाकडी चौकटींवर दिवे बसवून कमानी उभारण्याची जुनी प्रथा आहे. इटलीच्या सरकारने हे दिवे कोबेस भेट दिले. व्हालेरिओ फेस्ती हे इटालियन कलावंत व हिरोकाझु इमाओका हे जपानी कलावंत यांनी मिळून ही रचना सिद्ध केली. मृतांचे स्मरण व वाचलेल्यांस धीर, असे तिचे दोन हेतू होते. एकदाच करावयाचा हा सोहळा नागरिकांच्या आग्रहावरून पुढे दरवर्षी होऊ लागला. २०२० ते २०२२ ही तीन वर्षे साथीच्या रोगामुळे खंड पडला. आणि २०२४ पासून तो डिसेंबराऐवजी जानेवारीच्या उत्तरार्धात, म्हणजे भूकंपाच्या स्मृतिदिनानंतर लगेच, होऊ लागला.

आम्ही कोबेस गेलो तो जानेवारीचा अखेरचा आठवडा होता. आमच्या मंडळींत मूळच्या लातूरकडील एक काकू होत्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट हैद्राबादेतील मराठी कुटुंबांस निराळी सांगावयास नको. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन करून गावे निजली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी व आसपासची गावे भुईसपाट झाली. काकूंच्या माहेरची चार माणसे त्या पहाटे गेली. रोषणाईची हकीगत ऐकताच त्या म्हणाल्या, “मेलेल्यांच्या नावाने कसला उत्सव करायचा? सुतकात आपण सण तरी करतो का?” या प्रश्नास आम्हांपैकी कोणाजवळच उत्तर नव्हते. आम्ही मुकाट्याने गर्दीबरोबर चालू लागलो.

जुन्या परदेशी वसाहतीच्या दगडी इमारतींमधून वाट काढीत माणसे शांतपणे पुढे सरकत होती. ढकलाढकली नाही, आरडाओरड नाही. पुढे दिव्यांच्या कमानींची एकामागून एक अशी रांग लागते, तिला ‘गॅलेरिया’ म्हणतात. तिच्यातून चालताना प्रकाशाच्या बोगद्यातून जात असल्याचा भास होतो. दिव्यांच्या वर्तुळाकार भिंतीस ‘स्पाल्लिएरा’ असे नाव आहे. तिच्या मध्यभागी उभे राहिले म्हणजे चोहोंबाजूंनी नक्षीदार तेजाचे कोंदण दिसते. मंद संगीत चालू असते. हा सोहळा चालावा म्हणून प्रत्येकाने शंभर येनचे एक नाणे द्यावे, अशी विनंती केलेली असते. २०२४ पासून काही भागास तिकीटही लावण्यात आले. दीपोत्सवाचा खर्च मोठा, तेव्हा तो कोणी व कसा सोसावा हा प्रश्न तेथेही सुटलेला नाही.

या दिव्यांविषयी थोडे शास्त्रही जाणून घेऊ. आरंभीच्या काळी येथे तारेचे विजेचे दिवे होते. अशा दिव्यात बारीक तार तापून पांढरीफटक होते व प्रकाश देते. परंतु विजेचा फार मोठा भाग उष्णतेत वाया जातो. आताच्या ‘एल.ई.डी.’ दिव्यांत तार नसते. अर्धवाहक पदार्थांचे दोन थर एकमेकांस जोडलेले असतात. एका थरात इलेक्ट्रॉन अधिक, तर दुसऱ्यात त्यांच्या रिकाम्या जागा अधिक. वीज सोडताच इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागी जाऊन बसतात व उरलेली शक्ती प्रकाशरूपाने बाहेर टाकतात. तांबडा दिवा १९६२ सालीच साधला होता. निळा मात्र तीन दशके हुलकावणी देत राहिला, आणि निळ्यावाचून पांढरा प्रकाश मिळेना. गॅलियम नायट्राइड या पदार्थावर चिकाटीने काम करून इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा या जपानात जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांनी हे कोडे सोडविले. त्याबद्दल २०१४ साली त्यांस पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या घरातील पांढरा दिवाही त्यांच्याच कष्टांचे फळ होय.

दिवे पाहून झाल्यावर भुकेची आठवण होते. कोबेकर अशा रात्री सहकुटुंब बाहेरच जेवतात. जवळच नानकिनमाची नावाची चिनी पेठ आहे. तेथे वाफेचे लोट सोडणाऱ्या बांबूच्या टोपल्यांत पांढरे पाव शिजत असतात. आत बहुधा डुकराचे मांस असते, हे शाकाहारी प्रवाशाने ध्यानी ठेवावे. कोबेचे गोमांसही जगभर प्रसिद्ध आहे. जपानी भोजनालयाच्या दारात कापडी पडदा टांगलेला असतो. तो लावलेला असला म्हणजे दुकान चालू आहे, असे समजावे. पुष्कळ ठिकाणी पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती काचेच्या कपाटात मांडलेल्या असतात. भाषा न येणाऱ्याने बोट दाखवावे, काम होते. बसताच हात पुसावयास ओला रुमाल देतात. जेवणापूर्वी ‘इतादाकिमासु’, म्हणजे ‘मी हे नम्रपणे स्वीकारतो’, असे म्हणतात. शेवया सुर्रकन ओढून खाल्ल्या तरी तेथे तो असभ्यपणा ठरत नाही. मात्र भातात काड्या उभ्या खोचणे अत्यंत अशुभ, कारण तसा भात मृतासमोर ठेवतात. वाढप्यास बक्षिसी देण्याची चाल नाही.

काकूंच्या जेवणाचा प्रश्न बिकट होता. जपानी रशात बहुधा सुकविलेल्या मासळीचा अर्क असतो, तो डोळ्यांस दिसत नाही. एका लहानशा भोजनालयात आम्ही अडखळत विचारणा केली. मालकीणबाईंनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकले, क्षणभर विचार केला आणि सागरी वनस्पतीच्या पाण्यात उकळलेले सोयाबीनचे पनीर, पांढरा भात व लोणचे आणून ठेवले. शेजारच्या मेजावर ‘सोबामेशी’ चालले होते. तापलेल्या लोखंडी पत्र्यावर शेवया व भात एकत्र चिरून परततात, तो हा पदार्थ. त्याचे जन्मस्थान नागाता, म्हणजे आगीत होरपळलेला तोच विभाग. तेथील चूल विझली, पण पदार्थ विझला नाही.

बाई थोडे इंग्रजी बोलत होत्या. भूकंपानंतर घरोघरी चुली थंड असताना ठिकठिकाणाहून आलेले स्वयंसेवक उघड्यावर मोठाली पातेली चढवून गरम अन्न वाटीत, असे त्यांनी सांगितले. जपानात १९९५ हे स्वयंसेवेचे पहिले वर्ष मानले जाते व १७ जानेवारी हा ‘आपत्तीनिवारण व स्वयंसेवा दिन’ म्हणून पाळला जातो. “त्या थंडीत मिळालेली वाटीभर कढत आमटी मी विसरले नाही,” इतकेच त्या म्हणाल्या. काकूंनी मान हालविली. किल्लारीनंतर लष्कराने व गावोगावच्या लोकांनी दिलेले जेवण त्यांस आठवत असावे.

परतताना आम्ही समुद्रकाठच्या मेरिकेन उद्यानातून गेलो. तेथे भूकंपात मोडलेल्या धक्क्याचा सुमारे साठ मीटरांचा तुकडा जसाच्या तसा राखून ठेवला आहे. खचलेला दगडी बांध, आत शिरलेले पाणी आणि कललेले दिव्यांचे खांब. शहराने सर्व काही उभारले, एवढे मात्र मुद्दाम उभारले नाही. हिगाशी यूएन्ची नावाच्या दुसऱ्या उद्यानात २००० सालापासून एक ज्योत अखंड तेवत असते, आणि दरवर्षी १७ जानेवारीस पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी लोक तेथे कंदील उजळून स्तब्ध उभे राहतात.

त्या कललेल्या खांबांपाशी काकू बराच वेळ उभ्या होत्या. मग त्या म्हणाल्या, “आपल्याकडेही माणूस गेले की त्या जागी दिवा लावून ठेवतात. तो विझू देत नाहीत. यांनी तोच लावला आहे. फक्त माणसे सहा हजार गेली, म्हणून दिवेही तितके लागले.” त्यांच्या सकाळच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले होते.

विद्यार्थिमित्रहो, दुरून पाहणाऱ्यास रोषणाई म्हणजे निव्वळ शोभा वाटते. पण कोणता दिवा कशासाठी लागला आहे, हे विचारून घेतले तर त्यामागील माणसे दिसू लागतात. आपल्या घरीदारी किल्लारीची पहाट अनुभवलेली माणसे अजून आहेत. येत्या त्रिपुरी पौर्णिमेस दीपमाळेवर पणती ठेवण्यापूर्वी त्यांच्यापाशी घटकाभर बसावे आणि त्यांची हकीगत लिहून ठेवावी. तीही एक पणतीच होय.