कुळासाठीं कुळक्षय

गाजलेल्या बोलपटाचा दुसरा भाग बहुधा पहिल्याच्या पुण्याईवर चार पैसे मिळविण्यासाठीं काढला जातो. 'दि गॉडफादर, भाग दुसरा' हा १९७४ सालचा अमेरिकन बोलपट मात्र अपवाद ठरला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. दुसऱ्या भागाला हा मान लाभण्याची ती पहिलीच वेळ. त्याचें थोरपण कशांत आहे, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनीं येथें बाप व मुलगा यांच्या कथा आलटून पालटून मांडल्या आहेत. बाप, भाऊ व आई यांचे खून झाल्यावर सिसिली बेटांतील कोर्लिओने गांवचा पोरका व्हिटो १९०१ सालीं न्यूयॉर्क बंदरांत उतरतो. दप्तरांत गांवाचें नांवच त्याचें आडनांव म्हणून नोंदलें जातें. पुढें तरुणपणीं तो गल्लींतील एका खंडणीखोराचा खून करतो, घरीं येतो, आणि त्याच हातांनीं तान्ह्या मायकेलला जवळ घेतो. हें सर्व मुलाबाळांसाठीं, अशी त्याची समजूत!

१९५८ सालीं तोच मायकेल टोळीचा धनी झालेला आहे. बापानें परक्यांचा जीव घेतला. मुलगा आपल्यांवर उलटतो. पत्नी दुरावते. शत्रूच्या नादीं लागलेला वडील भाऊ फ्रेडो ताहो सरोवरांत होडींत मासे धरीत बसला असतां मायकेल त्याला ठार करवितो.

यानंतर १९४१ च्या डिसेंबरांतील एक प्रसंग येतो. वडिलांच्या वाढदिवसासाठीं भावंडें जमलीं आहेत. आपण सैन्यांत नांव नोंदविलें, असें मायकेल सांगतो. थोरला भाऊ सनी संतापतो. एकटा फ्रेडो त्याचें अभिनंदन करतो. ज्यानें प्रेमानें हात पुढें केला, त्याचाच पुढें भावाच्या आज्ञेनें वध व्हावा! दिग्दर्शक येथें उपदेशाचा एक शब्दहि उच्चारीत नाहीं. तो दोन प्रसंग शेजारीं ठेवतो. निवाडा प्रेक्षकानें करावयाचा.

कित्येकांस वाटतें कीं, बाप उदार आणि मुलगा तेवढा क्रूर. मला हें पटत नाहीं. खुनाच्या दिवशीं तान्ह्या मुलाला जवळ घेतांना बापानें वारसाहि त्याच्या हवालीं केला. 'घरासाठीं' या सबबीवर अधर्म एकदां उंबरठ्याच्या आंत घेतला, म्हणजे तो आप-पर पाहत नाहीं. अखेरीस मायकेल एकटाच बसलेला दिसतो. सत्ता शाबूत आहे. ज्या घरासाठीं ती मिळविली, तें घर मात्र उरलेलें नाहीं.