वाफ एंजिनाची प्रतिकृती
विशिष्ट वाफ एंजिनाचे ठराविक प्रमाणातील लघुरूप. तिचे तपशील एका एंजिनाच्या एकाच कालखंडाशी जुळावे लागतात. १:८७ प्रमाणात ‘डब्ल्यूपी’ एंजिनाचे १,७०५ मिमी. व्यासाचे चालक चाक १९·६ मिमी. होते. या प्रमाणातील प्रचलित रूळ मात्र १६·५ मिमी. अंतराचे, म्हणजे मूळ १,४३५ मिमी. मापाचे असतात, भारतीय रुंदमापी रुळांच्या १,६७६ मिमी. अंतरासाठी १९·३ मिमी. लागतात. त्यामुळे बाष्पित्र अचूक असूनही चाके जवळजवळ येतात. हा दोष टाळण्यासाठी आस लांब करून रूळही स्वतंत्र घालावे लागतात. भारतात रुंदमापी मार्गांवरील नियमित वाफ-वाहतूक १९९५ मध्ये संपली; रत्नागिरीवरून जाणारा कोकण रेल्वेमार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला. अशा प्रदेशात एंजिनाची खरी प्रमाणे समजण्यास अचूक प्रतिकृतीच उपयोगी पडते.