लवूळच्या वानरांना मरण कळत होतं का?

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं ते वानरांमुळे. तिथल्या माजलगाव तालुक्यात लवूळ हे गाव आहे. तिथे वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून घरांच्या छतांवर, झाडांवर नेत होती आणि पिल्लं मरत होती. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, त्याचा हा सूड, असं सांगितलं गेलं. अडीचशे पिल्लांचा आकडा बातम्यांत फिरला. शेवटी वन विभागाच्या पथकाने दोन वानरं पकडली.

सूड म्हणायचा तर वानराला दोन गोष्टी कळायला हव्यात: आपलं पिल्लू आता काहीच करणार नाही, आणि ते पुन्हा कधीच उठणार नाही. मृत्यूची किमान समज म्हणजे एवढंच, असं स्पॅनिश तत्त्वज्ञ सुसाना मोन्सो मांडतात. लवूळमध्ये याचा पुरावा कुठेच नव्हता. वानरांच्या टोळीत माद्या एकमेकींची पिल्लं पहिल्या दिवसापासून हाताळतात, छातीशी धरून फिरवतात. कुत्र्याचं पिल्लूही तसंच उचललं गेलं असावं. उंचावर त्याला दूध कुठलं मिळणार? ते उपाशी मरतं नाहीतर खाली पडतं. मला हेच पटतं.

पण म्हणून त्यांना काहीच कळत नाही, असं म्हणणंही घाईचं आहे. मेलेलं पिल्लू कित्येक दिवस उराशी धरून हिंडणाऱ्या वानरिणी भारतातल्या अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत. २०१८ मध्ये प्रशांत महासागरातल्या एका ओर्का (किलर व्हेल) मादीने मेलेलं पिल्लू सतरा दिवस पाण्यावर तोलून धरलं होतं.

आपल्या गोठ्यातलंही पाहा. पारडू दगावलं की म्हैस पान्हवत नाही. मग त्याच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढे ठेवायची जुनी रीत आहे. ती हुंगते, चाटते, आणि कासेत दूध उतरतं. वासाने मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं, त्याने पान्हा सुटतो. तिला मरण कळलेलं नाही, असं यावरून ठरवता येत नाही. पान्ह्याला त्या समजेची गरज नसते, एवढंच यातून दिसतं. मुंग्यांचंही तसंच. मेलेल्या मुंगीच्या अंगातून ओलिइक आम्ल सुटतं. मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी ते जिवंत मुंगीला लावलं, तर बाकीच्या मुंग्या तिला धडधडीत जिवंत असताना उकिरड्यावर नेऊन टाकू लागल्या!

भीतीची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये संशोधक केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुखवटा घातलेला माणूस हातात मेलेला कावळा घेऊन उभा राही. कावळे कलकलाट करत जमत. पुढे तोच मुखवटा रिकाम्या हाताने दिसला तरी सहा आठवड्यांनंतरही ते ओरडत. इथे धोका आहे, हा माणूस घातकी आहे, हे ते शिकले होते. आपणही एक दिवस मरणार, ही जाणीव मात्र कुठल्याही प्राण्यात अजून सिद्ध झालेली नाही.

तेव्हा गावात मेलेलं पिल्लू घेऊन बसलेली वानरीण दिसली, तर ते हिसकावू नका, दगड मारू नका, तिला सूडकरी ठरवू नका. वानर जखमी असेल किंवा त्रास वाढला असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.