कलेला हवी कराराची जोड : छत्तीसगढी चित्रपटाचा प्रवास आणि आफ्रिकेचा अनुभव

रायपूर : छत्तीसगढच्या राजधानीतील शंकर नगर परिसरात दूरदर्शन केंद्र आहे, तसेच मेळे व प्रदर्शने भरणारे बीटीआय मैदानही आहे. लोककला, हस्तकला आणि चित्रनिर्मिती या तिन्हींची परंपरा राज्यात समृद्ध आहे. मात्र ही कला राज्याच्या सीमेपलीकडे नेणारी टिकाऊ व्यावसायिक व्यवस्था अद्याप पुरेशी उभी राहिलेली नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगढी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ६२ लाख आहे. जनगणनेत या भाषेची गणना हिंदीच्या अंतर्गत होते. प्रेक्षकसंख्या मोठी असूनही स्वतंत्र बाजारपेठ म्हणून तिची ओळख ठळक न होण्यामागे हेही एक कारण मानता येईल.

व्यक्तिगत नात्यांवर उभा राहिलेला प्रवास

पहिला छत्तीसगढी चित्रपट ‘कहि देबे संदेस’ १९६५ मध्ये प्रदर्शित झाला. मुंबईच्या चित्रसृष्टीत काम करणारे रायपूर परिसरातील मनू नायक यांनी तो निर्माण केला. गीते डॉ. हनुमंत नायडू यांची होती. मोहम्मद रफी, मन्ना डे, महेंद्र कपूर आणि सुमन कल्याणपूर यांनी त्यात पार्श्वगायन केले. जातिभेदावर भाष्य करणाऱ्या कथेमुळे चित्रपटाला विरोधही झाला. यानंतरचा ‘घर द्वार’ १९७१ मध्ये आला. त्यापुढे मात्र दीर्घ खंड पडला आणि राज्यनिर्मितीच्या वर्षी, २००० मध्ये, ‘मोर छंइहा भुंइया’च्या यशाने या उद्योगाला पुन्हा चालना मिळाली.

रंगभूमीचा अनुभवही असाच आहे. रायपूर येथे १९२३ मध्ये जन्मलेले हबीब तन्वीर यांनी छत्तीसगढच्या ‘नाचा’ कलावंतांना सोबत घेऊन ‘चरणदास चोर’ रंगमंचावर आणले. श्याम बेनेगल यांनी १९७५ मध्ये त्यावर चित्रपट केला. स्मिता पाटील यांच्या कारकिर्दीचा प्रारंभ त्याच चित्रपटातून झाला. १९८२ मध्ये एडिंबरा महोत्सवात या नाटकाचा गौरव झाला. या दोन्ही उदाहरणांत भागीदारी फलदायी ठरली. परंतु ती प्रामुख्याने व्यक्तींच्या पुढाकारावर अवलंबून होती.

आफ्रिकेने निवडलेला मार्ग

हीच अडचण आफ्रिका खंडात अधिक मोठ्या प्रमाणावर आहे. युनेस्कोच्या २०२१ मधील अहवालानुसार तेथे सुमारे ७ लाख ८७ हजार लोकसंख्येमागे चित्रपटगृहाचा केवळ एक पडदा आहे. एकट्या नायजेरियात वर्षाला अंदाजे अडीच हजार चित्रपट तयार होतात. खंडातील चित्रपट व दृक्‌श्राव्य उद्योगाची उलाढाल सुमारे ५ अब्ज डॉलर असून ती २० अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकते, असे हा अहवाल सांगतो.

या अडचणीवर तेथे संस्थात्मक उपाय शोधले जात आहेत. बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू येथे १९६९ पासून होणारा ‘फेस्पाको’ महोत्सव आफ्रिकी दिग्दर्शकांना एकत्र आणतो. आफ्रिकी निर्यात-आयात बँकेने २०२० मध्ये ‘कॅनेक्स’ हा उपक्रम सुरू केला. चित्रपट, संगीत आणि वेशभूषा या क्षेत्रांतील उद्योजकांना वित्तपुरवठादार व खरेदीदारांशी जोडणे, हा त्यामागील उद्देश आहे. १ जानेवारी २०२१ पासून खंडांतर्गत मुक्त व्यापार करारानुसार व्यवहारही सुरू झाले.

करारात काय असावे?

सहनिर्मितीत खर्चाचा वाटा, प्रत्येक भाषेतील व प्रदेशातील प्रदर्शनाचे हक्क, भाषांतरित आवृत्तीची मालकी आणि उत्पन्नाचे वाटप या चार बाबी चित्रीकरणापूर्वीच लेखी ठरणे आवश्यक असते. भारतात कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा मानधनाव्यतिरिक्त रॉयल्टीचा हक्क सुरक्षित केला आहे. लोकगायक आणि नाचा कलावंत यांच्याबाबत मात्र तोंडी व्यवहार झाल्यास पुढील उत्पन्नावर दावा सांगणे कठीण होते.

छत्तीसगढ सरकारने २०२१ मध्ये चित्रपट धोरण आणले. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘भूलन द मेझ’ला सर्वोत्कृष्ट छत्तीसगढी चित्रपटाचा मान मिळाला. सरकारी अनुदान निर्मितीला हातभार लावते. पण चित्रपट राज्याबाहेर पोहोचण्यासाठी शेजारच्या प्रदेशातील वितरकही सोबत असावा लागतो.

या दृष्टीने नागपूर हे रायपूरचे स्वाभाविक भागीदार ठरू शकते. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात ही दोन्ही शहरे होती आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. हबीब तन्वीर यांचे महाविद्यालयीन शिक्षणही नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात झाले. मुंबई–हावडा लोहमार्ग आजही दोन्ही शहरांना जोडतो आणि गोंदिया ते राजनांदगाव या पट्ट्यात मराठी व छत्तीसगढी दोन्ही भाषा कानी पडतात. तेथील प्रेक्षकांसाठी दोन भाषांत एकत्रित निर्मिती झाली, तर १९७१ नंतर पडला तसा खंड टाळण्याची शक्यता वाढेल.