बांगड्यावरचं बिनलिंबाचं लिंबू

विलायती पद्धतीनं भाजलेल्या माशावर लिंबाच्या किसलेल्या सालीचा आणि पावाच्या चुऱ्याचा कुरकुरीत थर देतात. साल वासाला, रस आंबटपणाला. मालवणात केळीच्या पानात बांधून निखाऱ्यावर भाजलेल्या बांगड्यात लिंबू औषधालासुद्धा नसतं. तरी पान उघडलं की लिंबाच्या सालीचा वास नाकात शिरतो. तो तिरफळाचा.

तिरफळ निघालं लिंबाच्याच कुळातलं! बेल आणि कढीपत्ताही त्यातलेच. झाड असं काटेरी, की फळं उतरवणाऱ्याची परीक्षाच. फळ वाळून उकललं की आतली काळी चकचकीत बी कडवट म्हणून फेकायची नि खरखरीत साल ठेवायची. संत्र्याच्या सालीला सुगंध देणारं लिमोनीन तिच्याही तेलात असतं. पण चावून बघा, आंबटपणा औषधापुरताही नाही. उलट जिभेला झिणझिण्या येतात. तिरफळाचा चुलतभाऊ म्हणजे चीनमधलं सिचुआन मिरं. त्याची झिणझिण २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मोजली. ओठ सेकंदाला सुमारे ५० वेळा थरथरतायत असं खाणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ओठ ढिम्म असतात, फसतात त्या स्पर्शाच्या नसा.

मग आंबट कुठून येतं? कोकमातून. कोकम लिंबाच्या नात्यागोत्यातलं नाही, पण त्यातल्या हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लात नि लिंबातल्या सायट्रिक आम्लात फरक ऑक्सिजनच्या एका अणूचा. साल एका झाडाची, रस दुसऱ्या झाडाचा, आणि दोन्ही भेटतात बांगड्याच्या पाठीवर!

या आंबटाला कामही मोठं आहे. मासा मेला की जिवाणू त्याच्या अंगातल्या एका पदार्थाचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, तीच हिंवसाण. आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार होतो, आणि क्षार काही हवेत उडत नाही. पण म्हणून शिळा बांगडा कोकमाच्या रसात, म्हणजे आगळात, बुडवून खपवू नये. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं, ते आम्लानंही जात नाही नि आगीनंही.

बांगड्याला तिरक्या चिरा द्यायच्या. ओलं खोबरं, लाल मिरची, हळद, मीठ, आगळ यांचं घट्ट वाटण त्यात दाबून भरायचं. तिरफळं नुसती ठेचून मिसळायची. मिक्सरला लावली की कडवटपणा उतरतो, असं माझं तरी ठाम मत. मग बांगडा केळीच्या पानात बांधून निखाऱ्यावर ठेवायचा. पान बाहेरून काळं पडतं, पण आत पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांपुढे फारसं जात नाही. माशाचं मांस ६० अंशांच्या आसपासच शिजतं, त्यामुळे ते ओलसर राहतं.

सोबत तांबडी भाजी. माठ बारीक चिरून कांदा-मिरचीवर टाकायचा, पाणी बिलकूल घालायचं नाही, ते भाजीचं भाजीलाच सुटतं. वरून मूठभर खोबरं. यात तिरफळ नको, जिभेला उसंतही हवी.