तिसरी टिक येत नाही

दर काही महिन्यांनी सोसायटीच्या नाहीतर नातेवाइकांच्या ग्रुपवर एक जुनाच मेसेज नव्या दमाने फिरू लागतो. दोन निळ्या टिक म्हणजे समोरच्याने वाचलं, तीन निळ्या म्हणजे सरकारने नोंद घेतली, दोन निळ्या नि एक लाल म्हणजे कारवाई होऊ शकते, आणि तिन्ही लाल झाल्या की कोर्टाचं समन्स निघालंच! केंद्र सरकारच्याच पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने हे खोटं असल्याचं केव्हाच जाहीर केलंय. व्हॉट्सॲपमध्ये तिसरी टिक नाही आणि लाल टिकही नाही. आणि चोरून वाचणारा कोणी तसं आपणहून कळवत बसेल, हे मानायला भाबडेपणा लागतो तो वेगळाच.

गंमत अशी, की हा मेसेज ज्या जागेची भीती घालतो तिथे धोका फारसा नाहीच. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सॲपवर माणसामाणसांतले मेसेज, फोटो, कॉल पाठवणाऱ्याच्याच फोनमध्ये कुलूपबंद होतात आणि थेट घेणाऱ्याच्या फोनमध्ये उघडतात; यालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. चाव्या कंपनीकडे नसतात. त्यामुळे सरकारने रीतसर मागणी केली तरी मधल्या सर्व्हरवरून मजकूर काढून देणं कंपनीला जमत नाही. (मेटा एआयला विचारलेले प्रश्न मात्र यात धरू नका.)

यावर हमखास येणारा प्रश्न: मग सिनेमावाल्यांचे चॅट टीव्हीवर कसे झळकले? 2020 मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर एनसीबीचा अमली पदार्थांचा तपास सुरू होता आणि 2017 मधले चॅट वाहिन्यांवर मोठमोठ्याने वाचले जात होते. ‘एन्क्रिप्शन वगैरे सगळं थोतांड’ हा समज तिथून पक्का झाला. पण असे चॅट मिळवायला एन्क्रिप्शन फोडावंच लागत नाही. तपास यंत्रणा फोन जप्त करते, त्याची जशीच्या तशी प्रत काढते आणि त्यात जे असेल ते वाचते. तुमच्या हातातल्या फोनवर मेसेज उघडाच असतो. नाहीतर तुम्हाला तरी कसा वाचता आला असता? तुम्ही तुमच्याकडचं पुसलं तरी समोरच्याकडे ते शाबूत असतं. ग्रुपमध्ये दोनशे माणसं असतील तर दोनशे फोन. त्यातला एकही जप्त झाला तरी काम भागतं.

मार्च 2025 मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत सांगितलं, की व्हॉट्सॲप मेसेजवरून क्रिप्टोतल्या बेहिशेबी पैशाचा माग लागला. लगेच ‘आयकरवाले आपलं व्हॉट्सॲप वाचतात’ अशी बोंब उठली. खरं तर त्यासाठीही कुलूप फोडायची गरज नाही. छाप्यात सापडलेला फोन पुरतो.

दुसरी वाट बॅकअपची, आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. चॅटची प्रत गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जाते, तेव्हा व्हॉट्सॲपचं हे कुलूप तिच्यासोबत आपोआप जात नाही. ऑक्टोबर 2021 पासून बॅकअपलाही एन्क्रिप्शन लावता येतं, पण ते आपण चालू करावं लागतं: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. तिथे पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली घ्यायची. ती हरवली तर बॅकअप गेलाच, कंपनीही परत मिळवून देऊ शकत नाही. माझ्या मते ही गैरसोय पत्करावी.

‘कंपनीला काहीच कळत नाही’ हा उलट टोकाचा गैरसमज. मजकूर सोडला तर बरंच कळतं: नंबर, आयपी पत्ता, कोणाशी कधी संपर्क झाला. तपासाला अनेकदा एवढंच हवं असतं. कोणी तुमचा मेसेज ‘रिपोर्ट’ केला, तर त्या संभाषणातले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. सिग्नल हे दुसरं मेसेजिंग ॲप याबाबत कंजूष आहे. 2016 मध्ये अमेरिकेत त्यांना समन्स आलं, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांच्यापाशी द्यायला होतं. टेलिग्रामचं नाव मोठं, पण तिथले नेहमीचे चॅट आणि ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतातच. फक्त ‘सीक्रेट चॅट’ असतात. संस्थापक पावेल दुरोव यांना ऑगस्ट 2024 मध्ये फ्रान्समध्ये अटक झाली. पुढच्याच महिन्यात, रीतसर कायदेशीर मागणी आल्यास नियम मोडणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते देऊ, असं टेलिग्रामने जाहीर केलं.

कायद्याचं म्हणाल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली सरकार माहिती उलगडून मागू शकतं. सहकार्य नाकारलं तर सात वर्षांपर्यंत कैद. डिसेंबर 2018 मध्ये हा अधिकार वापरू शकणाऱ्या दहा यंत्रणांची नावं जाहीर झाली, तेव्हा ‘आता सगळ्यांचे संगणक वाचणार’ अशी हाकाटी झाली. तसं नाही, दर वेळी गृहसचिवांसारख्या सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. पण मंजुरी देणारेही सचिव आणि फेरआढावा घेणारेही सचिव. न्यायाधीश कुठेच नाही. मला खटकतं ते हे.

2021 च्या आयटी नियमांनी मोठ्या ॲपना आणखी एक अट घातली: आदेश आल्यास मेसेज सर्वात आधी कोणी पाठवला ते शोधून द्या. ही अट पाळायची तर कुलपाची मूळ रचनाच बदलावी लागेल, असं म्हणत व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर व्हॉट्सॲप निघून जाईल, असं त्यांच्या वकिलांनी एप्रिल 2024 मध्ये तिथे सांगितलं. कुलूप आधीच फुटलेलं असतं, तर ही अट घालायची वेळच आली नसती.

फोन जप्त न करताही मेसेज वाचता येतात, असा अपवाद हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा. 2019 मध्ये पेगॅसस या अशाच सॉफ्टवेअरने व्हॉट्सॲप कॉलमधल्या त्रुटीतून जगभरात सुमारे 1400 जणांना लक्ष्य केलं. त्यात भारतातले वकील, पत्रकार आणि कार्यकर्ते होते, नागपूरचे एक वकीलही होते. कॉल उचलायचीही गरज नव्हती. एन्क्रिप्शन तेव्हाही शाबूत होतं, पण फोनच दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता. तुमच्याआमच्यावर कोणी एवढा खर्च करणार नाही. आपल्या बाबतीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलेलं व्हॉट्सॲप वेब पुरेसं असतं. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन ते आजच पाहता येईल.